वानगी घेऊन कॅमेरा आणायला

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे घरात जे कोणालाच येत नाही, ते मला येतच असेल असं सगळे धरून चालतात. गोळ्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायचं असो की बँकेचा मेसेज कळत नसो, माझ्याकडेच येतात. कॅमेऱ्याचंही तसंच झालं.

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरीत कॉलेज सुटल्यावर मी एका महिला गटाच्या ऑफिसात काम करते. आसपासच्या गावांतल्या बाया मोहफुलं वेचून, वाळवून आणतात आणि गट ती बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकतो. मालाचे फोटो काढून पाठवणं हे माझं काम. फोटो मोबाइलवरच काढायचे. मोबाइल आपल्याच मनाने सगळं उजळ करून टाकतो, आणि बायांना ते फार आवडायचं. "आपला मोहा किती साजरा दिसून राहिला!" म्हणायच्या.

मग नागपूरहून फोन आला. तो व्यापारी मोहाचे लाडू करून विकतो. फोटोत त्याला फुलं सोनेरी दिसली होती, पोत्यातून निघाली तपकिरी. तुम्ही माल बदलला, असं त्याचं म्हणणं. वाळलेला मोह तपकिरीच असतो हे मी सांगायचा प्रयत्न केला, पण माझा आवाज आधीच बारीक झाला होता. "पुन्हा असं झालं तर आपलं जमणार नाही," एवढं बोलून त्याने फोन ठेवला. आमचा एवढा माल घेणारा दुसरा कोणी नव्हता.

गटाच्या अध्यक्षांना आम्ही सगळ्या मावशीच म्हणतो. त्यांनी बायांना बसवलं आणि ठरवलं, ऑफिससाठी कॅमेरा घ्यायचा. पैसे थोडेच होते. "पोरगी निवडन," मावशी माझ्याकडे पाहून म्हणाल्या.

"मावशी, मी कधी कॅमेरा हातात धरला नाही."

"मंग? आमी धरला का?"

शेवटी आम्ही दोघी कॅमेरा घ्यायला निघालो.

गोंदियाच्या बसमध्ये मावशींच्या मांडीवर एक गाठोडं होतं. काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "वानगी." वानगी म्हणजे मालाचा नमुना. आमच्याकडच्या बाया मूठभर वानगी घेतल्याशिवाय बाजारात पाऊल टाकत नाहीत. व्यापारी आधी ती पाहणार, मग भाव बोलणार.

"पण मावशी, आपण विकायला नाही, घ्यायला जाऊन राहिलो."

"सौदा तं हाये ना? सौद्याले रिकाम्या हातानं जात नसतेत."

मी खिडकीबाहेर पाहत मेगापिक्सेल, झूम असे पाठ केलेले शब्द पुन्हा घोकत बसले.

दुकानात मावशींनी काचेच्या काउंटरवर गाठोडं सोडलं तसा दुकानदार हसला. "माताजी, यहाँ महुआ नहीं बिकता!" माझे कान तापले. त्याने दोन-तीन कॅमेरे पुढे ठेवले आणि भराभर सांगू लागला. माझे पाठ केलेले शब्द त्याच्या बोलण्यात येत होते, पण त्यावरून आपल्याला कोणता हवा ते काही उमगत नव्हतं. मावशी शांतपणे माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी खाली पाहिलं. कॅमेऱ्यांच्या शेजारीच मोहफुलं पडलेली होती.

"भैया," मी चाचरत विचारलं, "इसका फोटो लेके देखूँ क्या?"

तो हसायचा थांबला. "अरे, लो ना!"

मग एकेका कॅमेऱ्याने मी त्या फुलांचा फोटो काढला आणि मावशी एक फूल उचलून पडद्याशेजारी धरू लागल्या. स्वस्तातल्या नव्या कॅमेऱ्यात फुलं लालभडक आली. महागड्यात बरी आली, पण तो आमच्या आवाक्याबाहेर होता. तेव्हा दुकानदारानेच आतल्या कपाटातून एक जुना, वापरलेला कॅमेरा काढला. मागच्या बाजूला मोठा ओरखडा होता. त्याने समोर पांढरा कागद धरला. "पहले इसको बताओ कि सफ़ेद क्या है, फिर बाकी रंग सही पकड़ेगा." ते कसं करायचं हेही त्याने मला दोनदा करायला लावून शिकवलं.

फोटो आला. त्यात मोह होता तसाच, तपकिरी, सुरकुतलेला, मनुक्यासारखा. मावशींनी फूल शेजारी धरलं. "सारखाच हाये," त्या म्हणाल्या आणि लगेच ओरखड्यावर बोट ठेवलं. "दादा, हा तं खरचटला हाये."

"माताजी, खरोंच से फोटो में फरक नहीं पड़ता."

"मंग भावात पडू द्या!"

तो मोठ्याने हसला. भाव आमच्या पैशांत बसवला, वर एक जादा बॅटरी दिली. मावशींनी वानगी तिथेच ठेवली. "घरी ने, भाजून खाजो," म्हणाल्या.

ऑफिसात नवा फोटो पाहून बाया हिरमुसल्या. "हे तं पार चिंच दिसून राहिलं! कोण घेईन बापा?" मलाही धीर नव्हता. तरी फोटो तसाच नागपूरच्या व्यापाऱ्याला पाठवला. ऑर्डर आली, पण खरी परीक्षा माल पोचल्यावर होती. फोन वाजला तेव्हा मी तो मावशींच्याच हातात दिला. त्यांनी ऐकून घेतलं, हं हं केलं आणि ठेवला.

"काय म्हणाले?"

"फोटोतलाच माल हाये म्हणे. पुढच्या खेपेले अजून मागते."

मला रडू आलं. एवढ्या दिवसांत 'कॉलेजात शिकते, तुले एवढंबी येत नाई का?' असं कोणी एकदाही म्हटलं नव्हतं. मला येत नाही हे मावशींना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी निवड त्यांनी माझ्याच हातात ठेवली होती. त्याबद्दल काहीतरी बोलायचं होतं. त्याऐवजी मी कॅमेरा उचलला आणि त्यांच्याकडे वळवला.

मावशींनी झटकन पदर तोंडावर घेतला. "माहा फोटो मोबाइलवर काढजो, बाई. हा कॅमेरा लय खरं बोलते!"