गच्चीवरचं ऊन

फरीदाबादचा बेअरिंगचा कारखाना बंद पडला तेव्हा नरसिंह मुजुमदार तिथे तपासणी खात्यात होता. पोलादी छर्रे बोटांत फिरवायचे, मापाला लावायचे, पास किंवा बाद करायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यातच गेली होती. कंपनीचं घर सुटलं. मिळालेल्या पैशात गाझियाबादला नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि त्या फ्लॅटमध्ये तो हळूहळू बोलायचा थांबला. आधी फोनवर, मग जेवताना. एका सकाळी न्हाणीघरात बादली भरून वाहत होती आणि तो समोर बसून होता. नळ बंद करायचा असतो हे त्याला सुचत नव्हतं.

इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी औषधं लिहून दिली, आणि त्याच्या बायकोला, पद्मजाला, काही साध्या गोष्टी सांगितल्या. सकाळचं ऊन. हाताला काम. भीती दाटली की श्वास सावकाश सोडणं. रोज, न चुकता. पद्मजाला हे इतकं साधं वाटलं की तिचा विश्वास बसेना.

फ्लॅटमध्ये ऊन नव्हतं. घेताना होतं, मग समोर दुसरा टॉवर उभा राहिला. म्हणून ती त्याला गच्चीवर न्यायची. दिल्लीकडच्या थंडीत सगळेच उन्हाला बसतात. पाण्याच्या टाक्यांशेजारी चटई टाकून ती त्याच्यापुढे मटाराचा ढीग ओतायची. तो शेंग उघडायचा, थांबायचा, पुन्हा उघडायचा. बरेच दिवस एवढंच. मग एकदा त्याने एक दाणा बोटांत फिरवला, डोळ्यांजवळ नेला.

"हा बाद," तो म्हणाला, आणि खाऊन टाकला.

पद्मजा हसली. हसता हसता तिला रडू आलं. "अहो, असे बाद केलेत तर उसळ कशाची करू?"

"माल चांगला आण की मग."

कित्येक महिन्यांनी ते दोघं एकमेकांशी बोलले होते.

त्याच आठवड्यात संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. सोसायटीत मराठी घर दुसरं एकच. पुण्याहून आलेली लता सबनीस, नवरा नोएडाला कॉम्प्युटर कंपनीत. पद्मजाने तिला तिळगूळ दिला, वाण दिलं, आणि तिने "काका दिसत नाहीत?" विचारल्यावर सगळं सांगून टाकलं. इस्पितळ, बादली, गच्ची, सगळं. आजवर तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारणींना ती "बीपी है" म्हणायची. पण लता मराठीत विचारत होती, आणि इतकं दूर मराठीत विचारणारं माणूस आपलंच, असं पद्मजाने धरून चाललं.

दोनचार दिवसांत गच्चीच्या दाराला कुलूप लागलं.

सेक्रेटरी त्यागीजी नम्र होते. "भाभीजी, बुरा मत मानिए. कल को कुछ हो गया तो पुलिस किससे पूछेगी?"

"वो मटर छीलते हैं, भाईसाहब. बस."

"बिल्कुल, बिल्कुल. नीचे पार्क में छील लें."

पद्मजा तशीच लताकडे गेली. लताने तिला आत घेतलं, पाणी दिलं. "काकू, मी वाईट हेतूने नाही हो सांगितलं. माझी मुलगी खाली खेळते. काकांना काही झालं असतं तर?" मग हळूच म्हणाली, "तुम्हाला खात्री आहे ना? म्हणजे, अगदी पक्की?"

पद्मजाला हो म्हणायचं होतं. पाण्याचा पेला तिने टेबलावर ठेवला आणि ती निघून आली.

खालच्या पार्कात दोन टॉवरांची सावली. ऊन बाकापाशी यायचं आणि ती दोघं बसेपर्यंत सरकायचं. येणारेजाणारे "नमस्ते अंकलजी" म्हणत, गरजेपेक्षा मोठ्याने. घसरगुंडीवरच्या मुलांना त्यांच्या आया हाक मारून दुसरीकडे नेत. नरसिंह शेंग हातात धरून बघत राहिला.

"यांना माहीत आहे?"

"हो."

"कुणी सांगितलं?"

"मीच. लताला." ती म्हणाली, "मला वाटलं, आपल्यातली आहे."

त्याने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणून कुलूप?"

"हो."

"तुलाही वाटतं तसं? मी उडी मारीन?"

तिने लगेच नाही म्हणायला हवं होतं. तिने ढिगाकडे पाहिलं, पदर सावरला, आणि मग म्हणाली, "नाही हो. काहीतरीच."

तेवढ्यात ऊन बाकावरून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो खाली आला नाही. त्यानंतरही नाही. पद्मजा मटार ताटात घालून पलंगाशी ठेवायची आणि तसेच उचलून न्यायची. औषध तो वेळेवर घेई. श्वास सावकाश सोडा म्हटलं की सोडी. सांगितलेलं सगळं तो करत होता.

एका संध्याकाळी दिवेलागणीला ती खोलीत आली. तो गॅलरीच्या दाराकडे बघत पडला होता. नुसता बघत होता. आणखी काही नाही. तिने स्टूल ओढलं, वर चढली आणि दाराचा वरचा बोल्ट सरकवू लागली. फ्लॅट घेतल्यापासून तो कधी लावलाच नव्हता. गंजला होता. तिने दोन्ही हातांनी जोर लावला.

पलंग करकरला. नरसिंह उठून तिच्याजवळ आला.

"उतर," तो म्हणाला. "पडशील."

ती उतरली. दार खांद्याने जरा दाबून धरत त्याने बोल्ट सरकवला, पार आत बसेपर्यंत. मग दार एकदा ओढून पाहिलं.