पाऊल, पाऊल, उडी

आल्टरवाल्या मावशींच्या शेजारी बसमध्ये बसणं म्हणजे जरा जोखमीचंच काम. त्या खिडकीतून बाहेर बघत असायच्या आणि त्यांचा हात मात्र तुमच्या बाहीवर आलेला असायचा. लोंबणारा दोरा बोटाभोवती गुंडाळला जायचा आणि तुम्हाला कळायच्या आत तुटलेलाही असायचा.

"अनोळखी माणसांना हात लावतेस. एक दिवस कुणीतरी पोलिसात देईल," असं नवरा म्हणायचा.

"दोरा लोंबत होता," मावशी म्हणायच्या. त्यांच्या बाजूने खटला तिथेच निकाली.

किल्ल्या करणारा आणि लाँड्री यांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान होतं. फट म्हणजे फटच. शिलाईचं मशीन, इस्त्रीचं टेबल आणि मावशी आत मावल्या की नवऱ्याचं स्टूल दारात जायचं. तो बसचा रिटायर ड्रायव्हर, तेव्हा रस्त्याकडे तोंड करून बसायला त्याची काही हरकत नव्हती. नवा कपडा मावशींनी फारसा कधी शिवला नाही. कुणाची कंबर ढिली, कुणाची बाही लांब, कुणाची चेन गेलेली. दुसऱ्यांनी शिवलेलं उसवायचं आणि नीट करून द्यायचं, यात त्यांचे केस पांढरे झाले होते.

पलीकडच्या वाचनालयातल्या बाई एकदा पँट आखूड करून घ्यायला आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, शनिवारी सकाळी लहान मुलांना जरा शिवण शिकवाल का? मागची खोली रिकामीच असते."

"शिकवेन की," मावशी म्हणाल्या.

"जपून गं," दारातून आवाज आला. "पोरं आल्टर करता येत नाहीत."

मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्याच्याभोवती सहा-सात वर्षांची पोरं बसली. पुढ्यात हत्तीच्या आकारात कापलेले जाड फेल्टचे तुकडे आणि बोथट टोकाच्या, मोठ्या नेढ्याच्या सुया. मावशींनी धावदोरा शिकवला तो असा: "हे कापड म्हणजे घराची जमीन. सुई तळघरात उतरते, पुन्हा वर येते. एक पाऊल खाली, एक पाऊल वर. समजलं?"

"मावशी, माझी सुई तळघरातच राहिली," एक दात पडलेला पोरगा म्हणाला.

"कापड उलटं करून बघ. दार ठोठावत असेल बिचारी."

सगळ्यांत शेवटच्या खुर्चीवर एक मुलगी बसायची. तिचे आजोबा पुढच्या खोलीत पेपर वाचायचे आणि ही मागे शिवायची. शिवताना सारखी पुटपुटायची, म्हणून मावशींनी तिचं नावच पुटपुटी पाडलं. एकदा त्यांनी मागून जाताना कान दिला. पुटपुटी हत्तीच्या पोटावर टाके घालत होती. "पाऊल... पाऊल... इथे पाणी साचलंय... उडी." आणि सुई एकदम बोटभर लांब जाऊन वर आली.

केवढा टाका! पण मावशी तशाच पुढे गेल्या. इथवर सगळं ठीक होतं.

घोळ झाला तो कापूस भरताना. कापसाचं गाठोडं दुकानात होतं, म्हणून मावशी सगळे हत्ती पिशवीत घालून घेऊन गेल्या. पुटपुटीच्या हत्तीत कापूस कोंबला, तर तो त्या बोटभर टाक्यातून बाहेर डोकावू लागला. एवढा एकच नीट करू, असं म्हणून त्यांनी तो उसवला. मग त्याच्या शेजारचा फार वाकडा दिसायला लागला. मग त्याच्या शेजारचा. चहा निवून गेला तेव्हा सगळे हत्ती दुकानाच्या काचेत मांडावेत असे झाले होते.

शनिवारी टेबलावर हत्तींची रांग लागली. "माझा बघ केवढा भारी झालाय," दात पडलेला म्हणाला. पुटपुटीने तिचा हत्ती उचलला. उलटा केला. पोटावरून बोट फिरवलं.

"हा माझा नाही."

"तुझाच आहे गं," मावशी पटकन म्हणाल्या. "कापूस भरला ना, म्हणून वेगळा वाटतोय."

ती वाद घालत बसली नाही. हत्ती टेबलावर ठेवला, खुर्ची आत सरकवली आणि आजोबांच्या शेजारी जाऊन बसली. पुढच्या शनिवारीही तिथेच.

"ये ना गं," मावशी म्हणाल्या. "आज मासा करायचाय."

"मला येत नाही शिवायला," पुटपुटी म्हणाली. रुसून नाही. बाहेर ऊन आहे म्हणावं, तसं.

मावशींना हे फार लागलं. पोरगी सुई कायमची खाली ठेवणार, आणि ती खाली ठेवायला लावली आपण.

सोमवारी गिऱ्हाइकं नव्हती. त्यांनी पुटपुटीचा हत्ती पुढ्यात घेतला आणि तिचे टाके पहिल्यासारखे घालायला बसल्या. एक लांब, एक तिरका, मग बोटभर उडी. नवऱ्याने स्टुलावरून मान वळवली.

"काय करतेयस?"

"वाकडं शिवतेय."

त्याने हत्ती डोळ्यांजवळ नेला. "हे वाकडं नाही. हे मोजून वाकडं केलंय."

मावशींनी डाव्या हाताने शिवून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. सुई आपली शहाण्यासारखी जागेवरच वर यायची.

"मला जमत नाही हो," त्या म्हणाल्या.

"जिचं काम आहे तिला सांग की."

शनिवारी मावशी थेट पेपराच्या टेबलाशी गेल्या आणि पुटपुटीसमोर बसल्या. "हत्ती तुझाच होता. टाके माझे होते. तुला न विचारता मी तुझे उसवले, आणि वर खोटं बोलले."

आजोबांनी पेपर खाली घेतला. पुटपुटीने विचारलं, "का?"

"वाकडं दिसलं की माझा हात थांबत नाही."

"मी पाण्यावरून उडी मारली होती."

"ऐकलं होतं मी."

"ऐकलं होतं तरी?"

मावशींनी पिशवीतून हत्ती आणि खिशातून टाके उसवायचं छोटं हत्यार काढलं आणि टेबलावर ठेवलं. "आता माझे टाके तू उसव. मी हात लावणार नाही. बोलणारही नाही, तू विचारल्याशिवाय."

पुटपुटीने ते हत्यार नीट पाहून घेतलं. "सगळे उसवू?"

"सगळे."

मागच्या खोलीत बाकीचे हत्ती खिडकीत मांडलेले होते; तिथेही ही बातमी सांगावीच लागली. दात पडलेला म्हणाला, "माझा राहू दे तसाच. मी सगळ्यांना मीच केला म्हणून सांगितलंय." बाकीच्यांना मात्र उसवायचंच होतं. मावशींचे ते देखणे टाके पटापट तुटू लागले आणि टेबलभर कापूस झाला. मावशी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या होत्या.

मग पुटपुटी पुन्हा पुटपुटू लागली. पाऊल. पाऊल. हत्ती मांडीवर होता, सुई जोरात खाली जात होती आणि मावशींना स्वच्छ दिसत होतं की ती हत्तीबरोबर स्वतःचा फ्रॉकही शिवते आहे. त्यांचे ओठ उघडले. मिटले. मांड्यांखाली बोटं वळवळली.

"उडी," पुटपुटी म्हणाली, गाठ मारली आणि दाखवायला उठली. हत्ती फ्रॉकला लटकला.

सगळी खोली हसली. सगळ्यांत शेवटी पुटपुटीही.

"मावशी, तुम्हाला दिसलं होतं?"

"पहिल्या टाक्यापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस."

पुटपुटीने हत्तीकडे पाहिलं, उडीवरून बोट फिरवलं. "आता पुन्हा नाही उसवायचा. असाच नेते." आणि खरंच तशीच निघाली, आजोबांचा हात धरून, गुडघ्यापाशी हत्ती झुलवत. उडीच्या भोकातून कापूस बाहेर डोकावत होता.

मावशी दारापर्यंत गेल्या. आजोबांच्या कॉलरमागे एक दोरा लोंबत होता, चांगला बोटभर. मावशींचा हात निम्म्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "कॉलरला दोरा लोंबतोय. काढू का?"