नावावरून फाईल, नावावरून गाय

मुक्ताबाई दिंद्रुडच्या दूध संस्थेत नोकरीला लागल्या तेव्हा संस्थेत दोनच यंत्रं होती. एक दुधाची फॅट मोजणारं आणि दुसरं कॉम्प्युटर. दुसऱ्यावर गोणपाट टाकून ठेवलेलं होतं. मुक्ताबाई मूळच्या चौसाळ्याच्या. बारावीनंतर तिथल्याच एका क्लासमध्ये त्यांनी एमएससीआयटी केलं आणि त्याच वर्षी लग्न होऊन त्या इकडं आल्या. चेअरमन विठ्ठलरावांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, "हे चालू करता येतं का?" त्यांनी गोणपाट काढलं, पदराच्या टोकानं पडद्यावरची धूळ पुसली आणि बटण दाबलं. तेवढ्यावर नोकरी पक्की झाली.

कामाला बाई चोख. दुधाच्या कॅनवर कोणाचं नाव आहे, एवढं पाहून त्यांचं भागत नसे. झाकण उघडून वास घेतल्याशिवाय त्या वहीत आकडा लिहीत नसत. लोक कुरकुरत, पण त्यांच्या हातून आंबट दूध कधी पुढं गेलं नाही.

२०१९ च्या उन्हाळ्यात दूधच राहिलं नाही. सकाळी तीस कॅन भरत, तिथं चारावर आलं. विहिरींचे तळ दिसू लागले. तेव्हा संस्थेनं विठ्ठलरावांच्या पडीक रानात चारा छावणी काढली. एका शेतकऱ्याची पाच जनावरं, प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला, आणि प्रत्येक जनावराचा फोटो आणि माहिती छावण्यांच्या वेबसाईटवर चढवायची. माहितीत जनावराचं नाव, बिल्ल्याचा नंबर, वय आणि रंग. हे सगळं मुक्ताबाईंकडे आलं. चारशेवर जनावरं त्यांनी एकटीनं चढवली.

नोंदणीच्या शेवटच्या दिवशी सारजाबाई आल्या. साठी ओलांडलेल्या. सगळा जन्म गुरांमागं गेलेला. त्यांच्या चार गायी आणि एक वळू बाहेर लिंबाखाली उभे होते. बिल्ले मारणाऱ्या सुग्रीवनं पाचांचे फोटो काढले, कॅमेऱ्याचं कार्ड आणि कोणता फोटो कोणाचा याची चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि चाऱ्याच्या ट्रककडे पळाला. मुक्ताबाईंना उठायला सवड नव्हती. त्यांनी खुर्चीवरूनच विचारलं, "मावशी, नावं सांगा."

"ढवळी, तांबडी, मोरी, चांदी. अन् वळू पाखऱ्या."

नावातच रंग दिसत होता. ढवळीपुढं त्यांनी 'पांढरा' लिहिलं, मोरीपुढं 'काळा'. चांदीच्या कपाळावर चांद असणार आणि पाखऱ्याच्या पाठीवर ठिपके, तेही लिहिलं. फोटोंच्या फायलींना नुसते आकडे होते, त्या जागी सुग्रीवच्या चिठ्ठीवरून जनावरांची नावं घातली. फोटो उघडून काही पाहिले नाहीत.

वेबसाईट मात्र ते फोटो घेईना. तिला फक्त पीडीएफ फाईल चालत होती. एरवी मुक्ताबाई फोटोंच्या प्रिंट आणि कागद स्कॅन करून पीडीएफ करत, पण स्कॅनर धुळीनं बंद पडला होता. त्यांनी स्टँडवरच्या झेरॉक्सवाल्या बंकटला फोन लावला.

"वहिनी, त्यात काय एवढं? फाईलच्या नावाला शेपूट असतंय. टिंबाच्या म्होरं काय लिहिलंय बघा."

"जेपीजी."

"ते खोडा अन् पीडीएफ लिहा. झालं."

"अहो, असं कसं होईल?"

"करून तर बघा. मी काय तुमचा दुष्मन हाय का?"

त्यांनी शेपूट बदललं. कॉम्प्युटरनं विचारलं, असं केल्यास फाईल निकामी होऊ शकते, बदल करायचा का? त्यांनी 'होय' दाबलं. वेबसाईटवर लगेच हिरवी खूण आली. वेबसाईटनं फाईलच्या आत डोकावलंच नव्हतं. नावाच्या शेवटी काय आहे ते वाचलं आणि विश्वास ठेवला. सारजाबाईंची जनावरं छावणीत गेली.

वीस दिवसांनी सकाळी अकराला तालुक्याच्या तहसीलमधून गहिनीनाथ या क्लार्कचा फोन आला. "बाई, तुमच्या पाच फायली उघडत न्हाईत. साहेबांनी आज पाचपर्यंत टाइम दिलाय. न्हाई तर उद्यापासून ती पाच जनावरं यादीतून कमी."

पाचही सारजाबाईंची होती. छावणीतून निघाली तर त्यांना बाजार दाखवण्यावाचून दुसरी वाट नव्हती. त्या उन्हाळ्यात बाजारात जनावरं घेणारा खाटीकच होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

विठ्ठलरावांनी ऐकून घेतलं. "सर्व्हर डाऊन व्हतं म्हणा. सगळेच म्हणतात."

"अण्णा, सर्व्हर चांगलं चालू होतं. चूक माझीच आहे."

"मंग बसा निस्तरत. पण संस्थेचं नाव खराब करू नका."

मुक्ताबाईंनी आपल्याकडची ढवळीची फाईल उघडून पाहिली. पडद्यावर आलं, ही फाईल खराब आहे. सुग्रीवच्या कार्डावरचे फोटो तर कधीच पुसले गेले होते.  त्यांनी फाईलचं नाव पुन्हा वाचलं. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण फक्त नाव बदललं होतं, आतल्या चित्राला हातही लावलेला नव्हता. पीडीएफ हे नाव वाचून कॉम्प्युटर ती फाईल पीडीएफच्या प्रोग्रामकडे धाडत होता आणि त्या प्रोग्रामला आत भलतंच दिसत होतं. त्यांनी शेपूट पुन्हा जेपीजी केलं आणि दाबलं.

फोटो उघडला. ढवळीच्या फोटोत एक गाय उभी होती, काळीभोर.

फोटोंची अदलाबदल झाली असं वाटून त्या कागद घेऊन भर उन्हात छावणीकडे निघाल्या. सारजाबाई वळूच्या अंगावरच्या गोचिडी काढत होत्या.

"मावशी, ढवळी कोणती?"

"ही काय समोर."

"ही तर काळी हाय."

"काळीच हाय की. मला काय दिसत न्हाई व्हय?"

"मग ढवळी कावून म्हणता हिला?"

"हिची पणजी ढवळी व्हती, दुधावानी. आमच्यात थोरल्या कालवडीला आईचंच नाव देतेत. दर वेताला नवं नाव कुठून हुडकू?"

"अन् मोरी?"

"मोरी तांबूस हाय. तिची आजी काळी व्हती."

"मावशी, हे तुम्ही मला सांगायचं तरी!"

"तुमी इचारलं कवा? नाव इचारलं, नाव सांगितलं. रंग इचारला असता तर रंग सांगितला असता. बिनकामी कावून बोलू?"

मुक्ताबाईंना हसू आलं, पण धोकाही कळला. त्या दिवशी फायली नीट उघडल्या असत्या तरी फोटोत काळी गाय आणि माहितीत पांढरी, म्हणून साहेबांनी ती जनावरं कमीच केली असती. त्यांनी पाचही जनावरांपाशी जाऊन बिल्ल्याचा नंबर वाचला, रंग पाहिला आणि कागदावर लिहिला. तांबडी तांबडीच होती. चांदीच्या कपाळावर चांदही होता. पाखऱ्याच्या पाठीवर पांढरे ठिपके होते. तिघांचे रंग नावाप्रमाणंच निघाले, चुकले होते ते दोघींचेच.

ऑफिसात येऊन त्यांनी प्रत्येक फोटो कोऱ्या पानावर चिकटवला, खाली खरी माहिती लिहिली आणि ते पान पीडीएफ म्हणून जतन केलं. प्रत्येक फाईल बंद करून पुन्हा उघडून पाहिली. मग वेबसाईटवर चढवली. पुन्हा तीच हिरवी खूण आली. तिच्याकडे न बघता त्यांनी गहिनीनाथला फोन लावला.

"मी फोनवर आहे तोवर फायली उघडून बघा."

"उघडली बघा पैली. ढवळी, रंग काळा." मग त्यानं जुनी माहिती काढली. "बाई, मागच्या माहितीत तर पांढरा हाय. रंग कसा बदलला? साहेब म्हणतील, जनावरंच बदलली."

समोर बसलेले विठ्ठलराव हातानं खुणा करत होते, काही बोलू नका म्हणून.

"जनावरं तीच आहेत आणि बिल्लेही तेच आहेत. मी गायी न बघता नावावरून रंग लिहिला. फाईलचं नावही मीच बदललं होतं. तुम्हाला लेखी पाठवते."

"लेखी? बघा, तुमच्यावर येईल."

"येऊ द्या. सारजाबाईंवर नको."

त्यांनी आठ ओळींचा कबुलीजबाब टाइप केला, सही केली आणि पाठवला. विठ्ठलराव उठून बाहेर गेले. साडेचार झाले होते. जनावरांचा निकाल पाचला लागणार हे ऐकून सारजाबाई येऊन पायरीवर बसल्या होत्या.

पाच वाजून दहा मिनिटांनी फोन आला. गहिनीनाथ म्हणाला, "साहेब लई तापले व्हते. पण राहू द्या म्हणाले. सोमवारी सोता येऊन बघणार हायत. सगळी छावणी."

मुक्ताबाई दारात आल्या. "राहिली, मावशी."

"पाची?"

"पाची."

"मंग उठते. चारा वाटायला लागले असतील," असं म्हणून सारजाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि चालू लागल्या.

मुक्ताबाईंनी मात्र कॉम्प्युटरवर पूर्ण यादी काढली. आणखी किती कपिल्या, किती पवळ्या आपण खुर्चीत बसून नावावरून रंगवल्या असतील, याचा त्यांना आता अंदाज येईना. सोमवारला तीन दिवस होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या छावणीच्या पहिल्या दावणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आसाराम नावाचा शेतकरी आपल्या गायीचं नाव सांगू लागला, तसं त्यांनी त्याला हातानं थांबवलं.

"नाव मागून सांगा, दादा. आधी गाय बघू द्या."

चारशेवर जनावरांत एकोणीस रंग चुकलेले निघाले. रविवारी संध्याकाळपर्यंत ते सगळे दुरुस्त झाले होते.