मामाजींच्या दोन काठ्या

माझ्या यजमानांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या मासे धरायच्या सगळ्या काठ्या खाली काढल्या. सात होत्या. पाच त्यांनी कोपऱ्यात उभ्या केल्या आणि दोन मांडीवर घेऊन बसले. एक यजमानांची नेहमीची, जुनी. दुसरी नवी, जी यजमान गेले त्या दिवशी त्यांच्या हातात होती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. सालेकशाच्या पुढे, आगगाडीच्या रुळापासून कोसभर आत आमचं गाव. तलावाखाली आमची धानाची बांधी, म्हणजे भातशेती. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे घरात मामाजी, यजमान आणि मी, तिघंच. मामाजी शेतकरीच, पण आजूबाजूच्या गावांत त्यांचं नाव होतं ते काठ्यांमुळे. जंगलातला भरीव बांबू ते स्वतः निवडून आणत. धानाच्या तणसावर शेकत, मोहाच्या बियांचं तेल चोळत आणि बुडाला दगड बांधून वर्षभर आढ्याला लटकवून ठेवत. मग कुठे त्या काठीला सूत, गळ आणि मोरपिसाच्या दांडीची कांडी लागायची. कांडी पाण्यावर उभी तरंगते. ती बुडाली की मासा लागला समजायचं.

यजमानांची जुनी काठी मऊ होती. मासा ओढू लागला की शेंड्यापासून थेट बुडापर्यंत वाकायची, तळहातात माशाची शेपटी हलल्यासारखी कळायची. नवी ताठ होती. तिचा फक्त शेंडा वाकायचा, खाली ती पहारीसारखी सरळ. यजमानांना जुनीच आवडायची. पण त्या दिवशी सकाळी मामाजींनी नवी दिली. तलावात मोठा रोहू उठत होता आणि मासा लागला की सरळ कमळाच्या वेलांत घुसायचा. मऊ काठी त्याला वळवू शकत नव्हती.

भादवा सरत आला होता, तलाव काठोकाठ भरलेला. यजमान एकटेच गेले. दिवस मावळेपर्यंत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कमळाच्या देठांत पाय अडकून बुडालेले सापडले. नवी काठी तलावाच्या पार पलीकडच्या अंगाला तरंगत होती. न मोडलेली.

माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. मी म्हटलं, धान कापून झाल्यावर येते. मग धान कापून झालं, मळून झालं, आणि मी गेले नाही. मामाजींना एकटं टाकून जाववेना, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. दुपारी, गाव झोपलेलं असताना, मला उंबऱ्याशी ओल्या मातीचा वास यायचा. तलावातून उठून आलेल्या माणसाच्या अंगाचा येतो तसा. जाऊन पाहिलं तर उंबरा कोरडा. घाबरायला व्हायचं नाही. आपण गेलो तर त्या वासाला दार कोण उघडणार, असं वाटायचं.

मामाजींना काय होत होतं ते मला हळूहळू कळलं. त्यांनी कोपऱ्याजवळ भिंतीत एक भोक पाडलं, त्यात काठीचं बूड ठोकून बसवलं आणि शेंड्याला वजन टांगू लागले. आधी शेराचं, मग दोन शेराचं, मग पाचशेरी. काठी वाकली की कोळसा घेऊन तिच्या वाकाबरोबर बाजूच्या भिंतीवर रेघ ओढायची. मग दुसरी काठी, तीच वजनं, पुन्हा रेघा. मी धान पाखडता पाखडता पाहत होते. एकदा त्यांनीच हाक मारली.

"बाई, इकडे ये. का दिसते तुले?"

मी पदर सावरून पुढे झाले. "ही पूर्न वाकते मामाजी. ते फक्त टोकाले वाकते."

"तो झाला वाक. आता जोर पाहा." त्यांनी मऊ काठीला पाचशेरी लावली. ती कमानीसारखी खाली गेली आणि तिथेच थांबली. "लोक म्हनतात मऊ म्हंजे कमजोर. खोटं आहे. वाक येगळा, जोर येगळा. हे वाकून वाकून सारा भार आपल्या अंगावर घेते. ते ताठ काठी घेत नाई. मासा झटका मारते तं तो झटका सरळ मानसाच्या खांद्यात जाते."

त्यांनी पाचशेरी सोडवून खाली ठेवली. मग भिंतीकडेच पाहत म्हणाले, "त्याले ते ताठ काठी मी देल्ली."

तेव्हा मला समजलं की ते काठ्या नाही, त्या दिवसाचा झटका मोजत होते. ताठ काठीच्या एका हिसक्यानं दगडावर उभा असलेला माणूस पाण्यात ओढला जाईल का, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

भिंतीवर रेघा वाढत गेल्या. सारवताना मी ती भिंत सोडून द्यायची. संध्याकाळी दिवा लावला की त्या रेघा पाणी पिण्यासाठी वाकलेल्या माणसांसारख्या दिसायच्या. मी दिव्याची जागा बदलली.

उन्हाळा लागायच्या आधी त्यांनी गावच्या ढिवराला बोलावलं. तलावावर जाळं टाकणारा, यजमानांच्याच वयाचा माणूस. त्यानेच यजमानांना पाण्यातून काढलं होतं. मामाजींनी त्याला सांगितलं, सुताचं टोक कमरेला बांध आणि खोल पाण्याकडे जोरात पोहत जा. काठी कोणी धरायची? मामाजी म्हातारे. ते म्हणाले, "बाई धरल."

ढिवर माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामा, लोक का म्हनतील?"

"म्हनू दे."

मी त्याच दगडावर उभी राहिले जिथे यजमान उभे राहत. दगडावर शेवाळ होतं. आधी मऊ काठी. ढिवर पाणी कापत निघाला, सूत ताणलं, काठी वाकू लागली. वाकतच गेली. माझ्या हातात ओढ वाढत होती, पण सावकाश. मी टाचा रोवून मागे रेलले. मला उभं राहता येत होतं.

मग ताठ काठी. शेंडा वाकला आणि लगेच संपला. पुढची सगळी ओढ एका दणक्यात माझ्या खांद्यात आली. पाय सरकला, गुडघा दगडावर आपटला. मी ओरडले पण काठी सोडली नाही. आणि तट्‌कन सूत तुटलं.

मामाजींनी दोनदा परत करायला लावलं. दोन्ही वेळा सूत तुटलं. तिसऱ्यांदा तुटल्यावर ढिवर पाण्यातून बाहेर आला, डोकं पुसत खाली बसला.

"मामा, काठीनं मानूस नाई जात. तुमीच पाहा. धरून ठेवली तं सूत तुटते. त्या दिवशीचं सूत मी सोडवलं होतं वेलातून. गळासगट शाबूत होतं. म्हंजे काठी त्याच्या हातातून आधी सुटली. मासा घेऊन गेला काठी. आन् तुमचा पोरगा तिच्या मांगं गेला."

मला वाटलं, आता यांच्या छातीवरचं ओझं उतरेल. पण मामाजींचा चेहरा पाहून मी दुसरीकडे बघू लागले. इतके महिने ते काठीवर आळ घेत होते, त्यात एक प्रकारचा आधार होता. तो आता गेला.

त्या दिवसापासून त्यांनी वजनं टांगणं सोडलं आणि रोज दुपारी तलावावर जाऊन बसू लागले. मी भाकर घेऊन जायची आणि थांबायची. त्यांनी मला काठी धरायला शिकवलं. विधवा बाई सासऱ्यासोबत तलावावर मासे धरते म्हणून गावात बोललं गेलं, तोंडावरही बोललं गेलं. मी जात राहिले. मऊ काठी हातात असली की पाण्यातलं सगळं कळतं. झिंगा कणकेची गोळी कुरतडतो ते कळतं, मरळ नुसती अंगानं घासून जाते ते कळतं. आणि कधी कधी कांडी न हलता हातात एक ओढ यायची. झटका नाही, चावा नाही. कोणी खालून सूत चिमटीत धरून ठेवल्यासारखी. मग सोडून द्यायचं.

एकदा मी न राहवून सांगितलं. "मामाजी, हे मासोरी नोहोय."

"मलेबी येते कधी कधी," ते म्हणाले. एवढंच. पण त्यानंतर आम्ही दोघंही ती ओढ आली की काठी वर उचलायचो नाही. ती सुटेपर्यंत स्थिर धरायचो.

असंच एके दिवशी, पावसाळा संपून पाणी निवळलं होतं, त्यांनी मला विचारलं, "बाई, त्या दिवशी सकारी मी त्याले का म्हनलो, तू आयकलं होतं?"

मी ऐकलं होतं. मी दारातच होते. नवी काठी हातात देताना मामाजी म्हणाले होते, "वर्सभर राबलो हिच्यावर. हरवली तं घरात पाय ठेवजो नोको." रागानं नाही. बाप पोराला म्हणतो तसं. पण म्हणाले होते. आणि काठी हातातून सुटल्यावर त्या माणसाला काय आठवलं असेल, हे मामाजी वर्षभर मनात घोळवत होते.

मी म्हटलं, "आयकलं."

"मंग?"

"मंग का? ते हासले. हासत हासतच गेले."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर हलवली नाही. खरं म्हणजे यजमानांची माझ्याकडे पाठ होती. त्यांचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. ते हसले, की ओठ मिटून निघाले, मला माहीत नाही.

मामाजींना माझं पटलं नसावं. ते नीट जेवत नव्हते, बांधीकडे फिरकत नव्हते. मग कार्तिकात एक घटना घडली. मऊ काठी दोन दगडांच्या बेचक्यात ठेवून ते तंबाखूला चुना लावत होते. मी हातभर अंतरावर होते. कांडी एकदम दिसेनाशी झाली, काठी दगडावरून घसरली आणि पाण्यावरून सरसर पुढे निघाली. आणि मामाजी, ज्यांना उठताना गुडघ्यावर हात टेकावा लागायचा ते मामाजी, तंबाखू टाकून सरळ पाण्यात शिरले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. एक शब्द न बोलता, हात पुढे करून.

मी काठावर पालथी पडून त्यांच्या धोतराचा सोगा पकडला आणि ओरडत ओढू लागले. "मामाजी! जाऊ द्या! मामाजी, कायले जाता!" त्यांच्या पायाखालची जमीन संपली होती. एक क्षण डोकं पाण्याखाली गेलं. मग सोग्याला भार आला, मी दगडाला पाय लावून ओढत राहिले, आणि त्यांच्या हाताला काठ लागला.

ते बाहेर येऊन उताणे पडले. नाकातोंडातून पाणी येत होतं. काठी दूर कमळांत थांबली होती. मला वाटलं ते रडत आहेत. पण ते हळू आवाजात, नवल वाटल्यासारखे बोलत होते.

"मले कायबी आठवलं नाई, बाई. काठी निघाली आन् मी निघालो. कोन का म्हनलं, कोनाची काठी, कायबी नाई. हात जाते. डोक्याले इचारतच नाई."

मी त्यांचं डोकं पदरानं पुसत होते.

"त्यालेबी नसन आठवलं," ते म्हणाले.

"नसन, मामाजी."

त्या दिवशी घरी आल्यावर ते दोन वेळचं एकदम जेवले. भात मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ढिवरानं काठी आणून दिली, आणि मामाजींनी ताठ काठी त्याला दिली. तो घ्यायला तयार नव्हता. मामाजी म्हणाले, "काठी चांगली आहे. मासा वळवाले तिच्यासारखी दुसरी नाई. फक्त निसटत्या दगडावर उभा राहू नोको." नंतर त्यांनी नव्या काठ्याही केल्या, लोक पुन्हा येऊ लागले. आणखी चार वर्षं जगले आणि अंथरुणात, झोपेत गेले. शेवटी शेवटी यजमानांबद्दल बोलायचे ते लहानपणच्या खोड्या सांगत. पाण्याबद्दल नाही.

त्यांचं सुटलं. माझं नाही सुटलं. त्यांना धीर यावा म्हणून जे हसू मी रचलं, तेच आता मला यजमानांच्या चेहऱ्यावर दिसतं. खरा चेहरा कसा होता ते पाहायला मी मनात त्या दारात कितीदा तरी जाऊन उभी राहते. ते वळतात आणि हसतात, आणि मला ठाऊक असतं की हे मीच केलेलं आहे.

मामाजींच्या नंतर भाऊ पुन्हा आला आणि यावेळी मी गेले, फुलचूरला, जिथे तो आता राहायला होता. तिथे सगळी माणसं हिंदी बोलायची, माझ्या बोलीला हसायची. पहिल्याच आठवड्यात भावजय भाजी चिरता चिरता म्हणाली, "इतने बरस वहाँ अकेले बुढ्ढे के साथ क्या करती थी, बाई?"

मी म्हटलं, "मासे धरत होतो."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती इतकी हसली की तिला विळी बाजूला ठेवावी लागली.