वयावर बेतलेलं कापड

पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीत तुर्भ्याच्या गणवेशाच्या कारखान्यात आफ्रिकेतल्या इरिट्रिया देशाच्या ऑर्डरची यादी आली. गंगाराम मास्तरांनी ती उलटसुलट करून पाहिली. यादीत माणसं होती, मापं नव्हती. इतके हजार पुरुष, इतक्या हजार बाया, वय अठरापासून पुढे.

"छाती कुठाय? कंबर कुठाय?"

"मास्तर, देशच दोन वर्षांचा आहे," मालकांचा मुलगा केयूर म्हणाला. "तीस वर्षं लढून सुटले. आता कायदा काढलाय. पोरगा असो की पोरगी, दीड वर्ष सरकारची. सहा महिने कवायत, मग रस्ते बांधायचे, झाडं लावायची. मापं घेत कोण बसणार? तुम्ही अंदाजाने सॅम्पल काढा. त्यांच्या सरकारची मॅडम गुरुवारी बघेल, शुक्रवारी दुपारी तिचं परतीचं विमान." मग जरा आवाज उतरवून, "हे चुकलं ना, तर पप्पा तुम्हाला घरी बसवणार. टेन्शन नाही देत, सांगून ठेवतो."

महाडकडून आलेल्या गंगाराम मास्तरांनी तीस वर्षं वॉचमन, शिपाई आणि बँकांचे पहारेकरी यांचे कपडे बेतले होते. टेप गळ्यात असे तो दाखवण्यापुरता. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याची कंबर त्यांना कळलेली असे. यादीतली माणसं मात्र दारातून येणार नव्हती. त्यांनी खडू उचलला आणि हाताला सवय होती तसं कापलं.

मॅडमचं नाव लेतेब्रहान. चाळिशीच्या, केस बारीक कापलेले, पायात प्लास्टिकच्या सँडल. त्यांनी विजार समोर धरली आणि इंग्रजीत काही बोलून खो खो हसल्या. केयूरने खालमानेने सांगितलं, "म्हणतात, यात आमची दोन पोरं मावतील."

शिलाईवाल्या बायाही हसल्या. मास्तरांना चूक लगेच दिसली. दिवसभर गेटवरच्या खुर्चीत बसणाऱ्याला जी पोटाची ढील द्यावी लागते, तीन बोटांची, ती हाताने न विचारता दिली होती.

"उद्या विमानाआधी एकदा बघा म्हणावं," ते एवढंच बोलले.

नेरूळच्या घरी बायकोने, वेणूबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. "हसली तर हसू दे. पन माप कुनाचं घेनार?" तेवढ्यात क्रांती कॉलेजातून आली. "हिचं घ्या की. लेक अठराचीच हाय."

क्रांती हात पसरून उभी राहिली. "बाबा, तिकडे जन्मले असते तर मलापण नेलं असतं?"

"नेलं असतं."

"आन हिला रोज पहाटे उठवाया कोन गेलं असतं?" वेणूबाई म्हणाल्या. मग टेपकडे बघत, "अगदी अंगाबरोबर नका बेतू. शाळेचा फ्राक शिवायचात ना, तसं वाढत्या अंगाचं ठेवा. पोर अजून भरायची हाय."

मास्तरांचा टेप क्षणभर लेकीच्या कमरेवरच थांबला.

सकाळी भोंगा व्हायच्या आत त्यांनी नवं सॅम्पल उभं केलं. कंबर बारीक, पण मागच्या शिवणीत दोन इंच कापड दाबलेलं. पायांची दुमडही चांगली खोल.

लेतेब्रहाननी विजार उलटी केली. केयूर कुजबुजला, "मास्तर, एवढं कापड आत कशाला?"

"त्यांना सांग, अठराचं अंग पुरं झालेलं नसतं. कवायत केली की भरेल, उंची सुटेल. तेव्हा उसवून सोडायचं."

केयूरने सांगितलं. बाई बराच वेळ त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग हळू बोलल्या, आणि केयूर तसाच हळू सांगत गेला. "मी सोळाव्या वर्षी डोंगरात लढायला गेले. एका मेलेल्या माणसाचा शर्ट मिळाला. बाह्या दुमडून घालायचे. त्या बाह्या मला कधी बरोबर व्हायला लागल्या, कळलंच नाही." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. "पण आम्ही त्यांना दीडच वर्ष ठेवणार आहोत."

"मग घरी जाऊन घालतील," मास्तर म्हणाले.

बाईंनी पेन मागितलं आणि विजारीच्या कमरपट्टीच्या आतल्या बाजूला, शिवणीलगत, सॅम्पल पास केल्याची सही केली.

गाडी त्यांना घेऊन गेल्यावर मास्तरांनी लांब टेबलावर खाकी कापडाचे थर पसरले, तळव्याने सुरकुत्या काढल्या आणि सगळ्यात लहान माप आधी आखायला घेतलं.