मशीनच्या तोंडी अक्षता

ह्यांना जाऊन आता दोन उन्हाळे झाले. घरात चार व्हीसीआर आहेत आणि चारही चालू आहेत. दर रविवारी मी एकेकाला वीस मिनिटं चालवते, कारण आतला रबरी पट्टा नुसता बसून राहिला की जिथं वाकला तिथंच आखडतो, माणसाच्या गुडघ्यासारखा. महिन्यातून एकदा टेप वाचणारं हेड पुसते. कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये भिजवायची, ड्रमला अलगद टेकवायची, कागद तसाच धरून ड्रम बोटाने फिरवायचा. कागद वर-खाली केला की हेड गेलंच समजा. आणि कापूस चुकूनही वापरायचा नाही, त्याचे तंतू अडकतात. हे सगळं ते मला कित्येक वर्षं सांगत होते आणि मी पुस्तकातून डोकं वर न काढता नुसतं ‘हं’ म्हणत होते. ‘हं’ म्हणता म्हणता इतकं कसं डोक्यात शिरलं, कुणास ठाऊक.

लेक फोनवर विचारते, ‘आई, त्यावर बघतेस काय?’

मी म्हणते, ‘बघत काही नाही. चालवते.’

तिला हे पटत नाही. तिच्या वडिलांना पटलं असतं.

आमचं लग्न झालं तेव्हा लातूर नवीनच जिल्हा झाला होता आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही पडत नव्हता आणि नव्यातही. मी नांदेडची, गोदावरीच्या काठावर वाढलेली. पाणी मोजायचं असतं हे मला सासरी कळलं. लातुरात टँकर आला की सगळी गल्ली घागरी घेऊन धावायची. ह्यांच्या दुकानात पाण्याचा एक तांब्या असायचा, तो प्यायला. हात धुवायला स्पिरिट. मी एकदा म्हणाले, ‘अहो, स्पिरिट पाण्यापेक्षा महाग आहे.’ ते म्हणाले, ‘पण मिळतं तरी.’

दुकान म्हणजे गंजगोलाई बाजाराच्या मागच्या बोळातली एक खोली. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांबरोबर साहेब आले, साहेबांबरोबर व्हीसीआर आले. उदगीर-औशाकडची माणसं आखातात कामाला होती, तीही सुट्टीला येताना एकेक घेऊन यायची. त्यात दुष्काळाची धूळ. ती पिठासारखी बारीक धूळ बंद पेटीतही शिरायची आणि हेडवर बसायची. टीव्हीवर मुंग्या मुंग्या दिसायला लागल्या की लोक मशीन टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखं उराशी धरून, ह्यांच्याकडे दुरुस्तीला आणायचे.

सासरे उदगीरचे आडत व्यापारी. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत आणि सासूबाईंना अव्वा. आप्पांच्या चार पिढ्या धान्यावर जगलेल्या. थोरल्या मुलाने लातुरात जाऊन ‘डबे उघडत’ बसावं हे त्यांना मान्य नव्हतं. पण ते ओरडणाऱ्यातले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला: दसऱ्याला येतो, एक दिवस दुकानात बसून बघतो. बघून मन भरलं तर बरं, नाहीतर दिवाळीच्या पाडव्याला आडतीच्या गादीवर येऊन बसायचं आणि बिऱ्हाड उदगीरला हलवायचं.

त्या आठवड्यात ह्यांनी दुकानातला प्रत्येक स्क्रू-ड्रायव्हर दोनदा पुसला. उदगीरच्या घरात चौदा माणसं होती, सगळी चांगली होती, आणि सगळी एकाच वेळी बोलत. लातुरात मला शाळेत नोकरी लागली होती, वाचनालयाचं कार्ड मिळालं होतं आणि दुपारी दोन तास शांतता मिळत होती. मला परत जायचं नव्हतं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनासुद्धा. त्यांना ते ठाऊक होतं, असं मला वाटतं.

दसऱ्याच्या सकाळी आप्पा-अव्वा दोघं पहिल्या बसने आली. आप्पा अंघोळ-लिंगपूजा करायला घरी थांबले. अव्वांना मात्र धीर नव्हता. हत्यारांची खंडेपूजा सकाळीच झाली पाहिजे, म्हणाल्या, आणि ताट घेऊन माझ्याबरोबर दुकानात आल्या. हे फुलं आणायला बाजारात गेले होते. कुलूप मी उघडलं. तेवढ्यात शेजारचा शिंपी हाका मारायला लागला की टँकर आला. मी घागर घेऊन धावले. अव्वा एकट्याच दुकानात होत्या, पाव तास.

मी परत आले तेव्हा फळीवरची साती मशिनं पूजा होऊन बसली होती. प्रत्येकाच्या माथ्यावर विभूतीचे तीन पट्टे, मध्ये कुंकवाचं बोट. हत्यारांवरही हळदीकुंकू. दिसायला फार छान दिसत होतं, सात सोवळे भटजी पंगतीला बसल्यासारखे. मी म्हणालेही, ‘अव्वा, किती सुरेख केलंत.’ अव्वा खूश झाल्या.

हे फुलं घेऊन परतले, अकराच्या सुमाराला आप्पाही आले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. पावसाचा पत्ता नव्हता तरी छत्री. दारातल्या स्टुलावर बसले, दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर ठेवले आणि बघायला लागले. त्यांचं बघणं म्हणजे बाजारात ढिगासमोर उभं राहून बघतात तसं. माल कसा आहे हे चेहऱ्यावरून कधी कळू द्यायचं नाही.

आणि नेमके तेव्हाच औशाचे चाचा आले. साठीचे, बोलायला मोकळे गृहस्थ. त्यांचा धाकटा भाऊ आखातात होता. त्याने मशीन पाठवलं होतं आणि नंतर स्वतःचं चित्रण केलेली एक कॅसेट. ती आली तेव्हा मशीन बंद पडलेलं.

‘सलाम बाबा,’ चाचा ह्यांना म्हणाले. ‘झालं का आमचं? दीडची बस गाठायची. अम्मी रोज इचारून राहिली, माझं पोरगं त्या डब्यातून कवा बाहेर येतंय म्हून.’

‘झालंय चाचा. लावून दाखवतो.’

चाचांनी आपल्या मशीनकडे पाहिलं. विभूतीचे तीन पट्टे पाहिले. ‘वा,’ म्हणाले, ‘आमच्या मशीनची दीक्षा झाली वाटतं. मला आवतनबी न्हाई.’

अव्वा कोपऱ्यातून म्हणाल्या, ‘सणाचं कसं मागं ठेवायचं त्याला? समद्यांचं केलं, त्याचंबी केलं.’

‘लई बरं केलं अव्वा. तेवढंच पुन्य.’

ह्यांनी कापडाने कुंकू टिपलं, वायर जोडली आणि दुकानातली एक जुनी, घासून गुळगुळीत झालेली कॅसेट आत सरकवली. गिऱ्हाइकाची कॅसेट ते पहिल्यांदा कधीच लावत नसत. आधी घरचं ढोर पाण्यात घालावं, असं त्यांचं म्हणणं. बटण दाबलं. मशीनने आधी नेहमीसारखा श्वास घेतला. मग आतून कर्र आवाज आला, मग कट्, मग टेप चुरगळल्याचा तो आवाज, जो मी आजही झोपेत ओळखीन.

ह्यांनी झटक्यात वायर ओढली.

आप्पा छत्रीवरचा हात न हलवता म्हणाले, ‘हे चाललं म्हणायचं का?’

‘काल चालत होतं आप्पा.’

‘काल मी न्हवतो.’

ह्यांचे कान लाल झाले. त्यांनी दुसरं मशीन जोडलं, तेही कर्र. तिसरं तर कॅसेट आतच घेईना. काल नीट झालेली मशिनं एका रात्रीत कशी बिघडली ते त्यांना कळेना. मला तर पाडव्याला उदगीरच्या बसच्या टपावर चढवलेली आमची पेटी डोळ्यांसमोर दिसायला लागली. शेवटी त्यांनी चाचांच्या मशीनचं वरचं पत्र्याचं झाकण खोललं, आत वाकून पाहिलं, चिमटा घातला आणि काहीतरी बाहेर काढून तळहातावर ठेवलं.

हळदीने पिवळा झालेला तांदळाचा दाणा.

आमच्या सगळ्यांच्या माना एकदम अव्वांकडे वळल्या.

‘मग?’ अव्वा म्हणाल्या. ‘पूजा म्हनलं की अक्षता आल्याच की.’

‘अव्वा, वर टाकायच्या,’ हे हळूच म्हणाले. ‘आत कशा गेल्या?’

‘तोंडात दिल्या.’ अव्वांनी कॅसेट घालायच्या फटीकडे बोट केलं. त्या फटीला आत ढकललं की उघडणारं झाकण असतं. ‘बोट लावलं की तेनं आ केला. पोळ्याला बैलाच्या तोंडात घास देत न्हाई का आपण? वरीसभर राबतंय जनावर. नुसतं कपाळाला कुंकू लावून पाठवायचं?’

अव्वांचं माहेर देवणीकडचं. ज्या गावच्या बैलांची कीर्ती पार कर्नाटकात, तिथल्या मुलीला राबणारी वस्तू दिसली की तिचं तोंड आधी दिसायचं. यात तिची काय चूक, हे मला त्या क्षणीसुद्धा सांगता आलं नसतं.

‘साती मशिनांना दिलंस?’ ह्यांनी विचारलं.

‘दुजाभाव कशाला करू?’

‘नशीब, पोळी नाही दिली,’ हे पुटपुटले.

‘पोळी संध्याकाळी आणणार होते,’ अव्वा म्हणाल्या.

आधी चाचा हसले. मग मी हसले, पदर तोंडावर धरून, कारण समोर सासरे होते. हे हसले नाहीत. ते हातात दाणा धरून आप्पांकडे बघत होते.

आप्पांनी छत्री भिंतीला टेकवली. उठले, आले, मुलाच्या तळहातावरचा दाणा दोन बोटांत घेतला, चोळून पाहिला, डोळ्यांजवळ नेला. ‘जुना तांदूळ,’ म्हणाले. मग अव्वांना, ‘अगं, एकेकाला किती घातलेस?’

‘पाच पाच.’

‘सात पंचे पस्तीस. पस्तीस दाने भायेर आले पायजेत. सूनबाई, एक ताटली द्या.’

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. हे एकेक मशीन उघडत. स्क्रू काढला की कागदावर, ज्या जागी मशीनमध्ये होता त्याच जागी, ठेवत. कागदावर सबंध मशीनचा नकाशा तयार होई. दाणा कुठं दात्यांच्या चाकात, कुठं पट्ट्याखाली, कुठं रोलरच्या बुडाशी. हे चिमट्याने काढत, आप्पांच्या तळहातावर देत, आप्पा निरखून ताटलीत टाकत आणि मोजत. ह्यांचा हात कुठं हलला नाही. हेडच्या ड्रमपाशी एक दाणा चिकटला होता तेव्हा मात्र त्यांनी श्वास रोखला, आणि आप्पांनीही रोखला. मला ते दिसलं, कारण मोजणं मध्येच थांबलं होतं.

‘ते काय चमकतंय?’ आप्पांनी विचारलं.

‘तेच हेड. त्याला ओरखडा गेला की मशीन संपलं.’

‘एवढंसं?’

‘केसाएवढं असतं आतमध्ये.’

त्यानंतर आप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली, आत वाकताना मध्ये येत होती म्हणून.

चाचांची दीडची बस गेली. ते स्टूल ओढून आप्पांशेजारी बसले. ‘मालक,’ म्हणाले, ‘हे मशीन मी नांदेडला नेलं, हैदराबादला नेलं. समदे म्हनले, फेकून द्या, नवं घ्या. तुमच्या पोरानं म्हनलं, ठिवून जावा, बघतो. बघतो म्हननारा मानूस मला पयल्यांदा भेटला.’

आप्पांनी फक्त ‘हूं’ केलं. ‘एकोणतीस.’

चौतीसपर्यंत सगळं नीट झालं. पस्तिसावा दाणा मिळेना. तो चाचांच्याच मशीनमधला होता. ह्यांनी आत विजेरी मारली, पालथं केलं, अलगद थोपटलं. काही नाही. अव्वा म्हणाल्या, ‘असंल माझीच मोजायची चूक. द्या सोडून.’

‘पाच म्हनलीस म्हणजे पाच,’ आप्पा म्हणाले. सबंध संसारात अव्वांनी ऐकलेली ही बहुतेक सर्वांत मोठी स्तुती असावी. मग आप्पांनी मशीन दोन्ही हातांनी उचललं, कानाशी नेलं आणि तुरीची शेंग वाळली का बघायला हलवतात तसं एकदाच हलवलं. डोळे मिटून ऐकलं. मग खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘हितं हाय.’

ह्यांनी खालचा पत्रा खोलला. दाणा तिथंच होता.

हे आप्पांकडे बघतच राहिले. आप्पा ताटलीकडे बघत होते. ‘धान्यातला खडा असाच वाजतो,’ एवढंच म्हणाले. पण ते खूश झाले होते. लपवत होते आणि लपत नव्हतं.

चाचांच्या मशीनचं झाकण बसवून दुकानातली दुसरी एक जुनी कॅसेट लावली. पडद्यावर चित्र आलं, स्वच्छ, एक मुंगी नाही. आप्पांनी जवळ जाऊन पाहिलं, मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. चाचांनी मशीन टॉवेलात गुंडाळलं, विभूती तशीच राहू द्या म्हणाले, अम्मीला दाखवतो, आणि तीनच्या बसला गेले.

आप्पांनी टोपी घातली, छत्री घेतली. निघताना दारात अव्वांना म्हणाले, ‘ध्यान दे. पुढच्या दसऱ्याला ह्या दुकानात अक्षता आणू नको. फूल आण. तेबी वरच ठेव, तोंडात न्हाई.’

‘बरं,’ अव्वा म्हणाल्या.

दोघं बोळातून गोलाईकडे चालायला लागली. हे दारात उभे राहून त्यांच्याकडे बघत होते, चेहरा अजून उतरलेला.

‘काहीच बोलले नाहीत गं,’ म्हणाले. ‘पाडव्याचं काय ते सांगायला हवं होतं.’

मी म्हणाले, ‘अहो, पुढच्या दसऱ्याचं सांगून गेले.’

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मशीनचं त्यांना लगेच कळायचं. माणसांचं मला सांगावं लागायचं. मग ते आत गेले, बाकावर बसले आणि उरलेल्या सहा मशिनांची झाकणं एकेक करून बसवायला लागले. मी समोरच्या स्टुलावर बसून त्यांना स्क्रू देत होते, कागदावरच्या जागेप्रमाणे, एकही न चुकता.