घरी बसून लिहायचं सदर

अण्णांना झटका आला त्या दिवशी मी हर्णेला होते. बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव पाहायचा आणि त्यावर रविवारच्या पुरवणीसाठी लिहायचं, एवढंच काम होतं. ज्यांच्या घरी उतरले होते त्यांच्या शेजारच्या दुकानात फोन होता. तिथे आमच्या शेजारच्या काकूंचा निरोप आला की अण्णांना इस्पितळात नेलंय, लगेच नीघ. लगेच निघण्यासारखी एकही गाडी तेव्हा नव्हती. सकाळच्या पहिल्या एसटीने दापोली आणि तिथून रत्नागिरी गाठली, तोवर डॉक्टरांनी भावाला मुंबईला फोन करून सगळं सांगितलं होतं. उजवी बाजू गेली होती. जीव वाचला होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. आई मी कॉलेजात असतानाच गेली. भाऊ मुंबईत नोकरीला, तिथेच त्याचा संसार. मी लग्न केलं नव्हतं. काही वर्षं शाळेत शिकवलं, मग ते सोडून फिरायला आणि लिहायला लागले. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. एकटी बाई खांद्याला पिशवी अडकवून जयगड, दाभोळ, देवगड करत हिंडते याचं लोकांना नवल वाटायचं, पण आमच्या रत्नागिरीच्या दैनिकात माझं प्रवासाचं सदर दर रविवारी यायचं, पुण्या-मुंबईच्या दिवाळी अंकांतून मागणी असायची, त्यामुळे त्या नवलात थोडा मानही मिसळला होता. अण्णांनी मला कधी अडवलं नाही. परत आले की फक्त विचारायचे, हे स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं? सांगोवांगी लिहिलेलं त्यांना बरोबर कळायचं.

इस्पितळातून घरी आणल्यावर भाऊ आठवडाभर राहिला. निघताना ओटीवर उभा राहून म्हणाला, तू आहेस म्हणून मला काळजी नाही. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण गेटाची कडी लावून तो वळला तेव्हा आतल्या बाजूला मी आहे हे मला अगदी स्पष्ट जाणवलं.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगण्यासारखं फारसं नाही, कारण ते सगळे एकसारखेच होते. अण्णांची खोली मागच्या बाजूला होती. खिडकीसमोर हाताच्या अंतरावर शेजाऱ्यांची चिऱ्याची भिंत. सकाळी अंग पुसणं, चादर बदलणं, कूस वळवणं, औषध, पेज, पुन्हा कूस. काकू दुपारी थोडा वेळ बसायला यायच्या, तेवढ्यात मी बाजार करून यायचे. चढावर गिअर बदलणाऱ्या एसटीचा आवाज घरापर्यंत यायचा. आवाजावरून ती गाडी भरलेली आहे की रिकामी हे मला ओळखता येऊ लागलं, आणि ते ओळखता येतंय याचाच राग यायचा.

सदर मी काही दिवस आठवणींवर चालवलं. पूर्वी पाहिलेली गावं काढून काढून लिहीत होते. एकदा एका खाडीकाठच्या गावाविषयी लिहिलं, तिथल्या धक्क्यावरच्या मोठ्या वडाखाली पलीकडे नेणाऱ्या तरीची वाट पाहत बसायला कसं बरं वाटतं ते. त्या गावच्या वाचकाने कळवलं की वड दोन पावसाळ्यांपूर्वीच पडला, तुम्ही अलीकडे आला नसाल. तो काही रागावला नव्हता. मी मात्र त्यानंतर संपादकांना सांगितलं की सदर बंद करा.

संपादक स्वतः घरी आले. वयस्क, सावकाश बोलणारे गृहस्थ. छापखाना आणि दैनिक दोन्ही तेच चालवायचे. अण्णांची चौकशी केली, चहा घेतला आणि म्हणाले की गुरुवारचं अध्यात्माचं सदर लिहिणारे बुवा मुलाकडे पुण्याला कायमचे गेलेत, ती जागा रिकामी आहे.

मी म्हटलं, त्यातलं मला काही कळत नाही.

"प्रवासाचं सदर घरी बसून लिहिता येत नाही," ते म्हणाले. "हे येतं."

मला लिहायचं होतं. कशावर, हा प्रश्न तेव्हा मागे पडला होता. लिहिणं थांबलं तर मी त्या खोलीत पुरती बुडून जाईन अशी भीती होती. मी हो म्हटलं.

वाचनालयातून काकू पुस्तकं आणून द्यायच्या. मी वाचायचे आणि आपल्या भाषेत मांडायचे. भाषा सफाईची होती, समुद्र, नाव, किनारा हे सगळं हाताशी होतं. जीव म्हणजे नाव, संसार म्हणजे खाडी, असं लिहायला वेळ लागत नाही. लोकांना ते अतिशय आवडलं. प्रवासाच्या सदराला कधी आला नव्हता एवढा प्रतिसाद आला. वाण्याच्या दुकानात लोक बाजूला होऊन मला पुढे जाऊ द्यायला लागले. गल्लीतल्या बायका हसत उभ्या असल्या तर मी आले की गप्प व्हायच्या. एका महिला मंडळाने प्रवचनाला बोलावलं. अण्णांना सोडून येता येत नाही, असं मी कळवलं, तर तीही माझ्या वैराग्याची खूण समजली गेली. ज्या घरात मी अडकून पडले होते त्याला लोक माझी साधना म्हणू लागले.

मग मासे यायचे बंद झाले.

आमच्याकडे मिरकरवाड्याची एक मासेवाली वर्षानुवर्षं यायची. गेटाशी हाक द्यायची, पायरीवर पाटी उतरवायची, अण्णांशी भाव करता करता भांडायची. अण्णांना बांगडा प्राणाहून प्रिय. आजारपणातही आठवड्यातून दोनदा तरी त्यांना तो लागायचा. ती आली नाही तेव्हा आधी वाटलं की वारा असेल, होड्या गेल्या नसतील. पण तिची हाक शेजारच्या घराशी ऐकू येत होती. एके दिवशी मी गेटाबाहेर येऊन तिला थांबवलं. तिने डोक्यावरची पाटी सावरली आणि संकोचून म्हणाली, "ताई, तुमी आता देवाधर्माचं लिवता ना. तुमच्या दारात पाटी कशी उतरवू?"

मी तिला सांगितलं की आम्ही अजून सगळं खातो, तू ये. ती आली, पण पायरीवर बसली नाही. समोरच्या ओटीवरच्या दोघीजणी हे पाहत होत्या. मी बांगडे घेऊन आत गेले तेव्हा माझ्या हातात चोरीचं काहीतरी आहे असं मला वाटत होतं, आणि तसं वाटलं याची चीडही येत होती.

अण्णांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांचं बोलणं एव्हाना परत आलं होतं, थोडं जड, पण कळण्यासारखं. ते म्हणाले, तू काय लिहितेस ते मला वाचून दाखव. तोवर त्यांनी कधी मागितलं नव्हतं आणि मीही आपण होऊन दाखवलं नव्हतं. आई गेल्यापासून त्यांनी देवपूजा सोडली होती. मी त्या गुरुवारचा लेख वाचला. आत्म्याच्या शांतीविषयी होता. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

वाचून झाल्यावर म्हणाले, "चांगलं लिहिलंयस गो. पण तू हे पाहिलंस कुठे?"

मी पेज आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. एखाद्या गावाला न जाता त्या गावाविषयी मी एक ओळ लिहिली नसती. इथे मात्र न पाहिलेल्या प्रदेशाची वर्णनं आठवड्यामागून आठवडे छापली जात होती, आणि तिथे जायची वाट विचारायला लोक माझ्याकडे येत होते.

त्या दिवशी दुपारी मी अण्णांना बांगडा भरवत होते. काटे काढून, बोटांनी चाचपून, मग घास. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता आणि डावा हात माझ्या मनगटावर. प्रत्येक घासाला ते माझं मनगट किंचित ओढायचे, जणू अजूनही आपल्याच हाताने जेवतायत. मी हे रोज पाहत होते, पण त्या दिवशी नीट पाहिलं. काटे काढताना माझ्या मनात दुसरं काहीच नसतं हेही लक्षात आलं. ना एसटी, ना बंदरं, ना राग. हात धुतला की सगळं परत येतं.

त्या आठवड्याचा लेख मी यावरच लिहिला. देवाचं नाव त्यात नव्हतं. खोली होती, चादर होती, भिंत होती, राग होता, बांगडा होता. संपादकांनी तो वाचून निरोप पाठवला की जरा भेटून जा. काकूंना बसवून मी छापखान्यात गेले. ते कागद पुढे ठेवून बसले होते. लेख चांगला आहे म्हणाले, पण गुरुवारी मासे कसे छापू? निदान बांगड्याच्या जागी नुसतं घास म्हणू या.

मी म्हटलं, "तो बांगडाच होता."

त्यांनी बराच विचार केला. शेवटी रागाविषयीची चार वाक्यं काढली आणि बांगडा ठेवला. राग गेल्याचं मला फार वाईट वाटलं, कारण खरं तर तोच जास्त होता. पण छापखान्यात वाद घालायला वेळ नव्हता, काकूंना त्यांच्या स्वयंपाकाला जायचं होतं.

लेख आल्यावर काही जण नाराज झाले. महिला मंडळाने पुन्हा कधी बोलावलं नाही. सल्ला मागायला येणारे मात्र कमी झाले नाहीत, ते येतच राहिले, आणि मीही ओटीवर बसून त्यांचं ऐकत राहिले. मला माहीत नाही, असं सांगितलं तरी त्यांना तो माझा विनय वाटायचा. त्यातून सुटायची वाट मला सापडली नाही. पण एकदा राजिवड्याकडची एक बाई आली. तिचा मोठा मुलगा जन्मापासून अंथरुणाला खिळलेला होता. ती काहीच विचारेना. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की त्या कागदात तुम्ही चादर बदलायचं लिहिलंय, ते धाकट्याच्या बायकोने वाचून दाखवलं. मग आम्ही दोघी कूस कशी वळवायची, पाठीला पडलेल्या जखमेला काय लावायचं, असलं बोलत बसलो. जाताना ती पाया पडली नाही. त्या काळात माझ्या पाया न पडता गेलेली बहुधा ती एकटीच. मला तिचा आधार वाटला.

पुढे बरीच वर्षं अण्णा तसेच राहिले. मी दर गुरुवारी लिहीत राहिले. कधी पाहिलेलं लिहायचे, कधी काही दिसलंच नाही तर पुस्तकातलं, आणि ते पुस्तकातलं आहे असं स्पष्ट म्हणायचे. अण्णा गेले ते दशक संपता संपता. भाऊ आला, सगळं नीट केलं आणि म्हणाला, आता तू मोकळी झालीस. संपादकही म्हणाले, रविवारची जागा अजून तुमचीच आहे.

पावसाळा उलटल्यावर मी देवगडच्या गाडीत बसले. किल्ला पाहिला, धक्क्यावर हिंडले, ओळखीच्या खानावळीत जेवले. सगळं होतं तिथेच होतं. संध्याकाळी लिहायला बसले आणि दोन पानं लिहून वाचली, तर त्यात गाव कुठेच नव्हतं. इतक्या वर्षांनी बाहेर पडलेल्या माणसाला रिकामे हात कुठे ठेवायचे ते कसं कळत नाही, एवढंच होतं. ती पानं मी गुरुवारसाठी पाठवली.

परतीच्या गाडीत शेजारी एक मध्यमवयीन गृहस्थ होते. त्यांनी मला ओळखलं. बायको सहा महिन्यांपूर्वी गेली होती, असं ते राजापूर यायच्या आतच सांगून मोकळे झाले. मग विचारलं, ती आता कुठे असेल, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही.

त्यांनी मान हलवली. गाडी घाट चढत होती. थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. बायको काय करायची, कशी बोलायची, हे ते सांगत राहिले आणि मी रत्नागिरी येईपर्यंत ऐकत बसले.